सल्ल्याचा हिशेब
(ज्ञातिमंडळाच्या कारंजा लाड येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या मेळाव्यात समुपदेशन या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी नोकरी खेड्यापाड्यांतील शाळांत केलेला एक निवृत्त शिक्षक आहे. मानसशास्त्राची पदवी मजपाशी नाही. तथापि ज्याने आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि दरवर्षी साहेबांकडून स्वतःच्या वर्गाची तपासणीही करून घेतली, त्याला एक साधा प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा असे मला वाटते. तो प्रश्न असा : आपण लोकांना सल्ला देतो, त्या सल्ल्याचे पुढे काय झाले, हे आपण पाहतो काय?

आपले मंडळ पुष्कळ प्रकारचा सल्ला देते. दहावी-बारावी झालेल्या मुलांना पुढील शिक्षणाची वाट दाखविते. विवाह जुळविते आणि मोडू पाहणारा संसार सावरण्यासाठी दोन्ही घरच्या मंडळींना एकत्र बसविते. नापिकीने, कर्जाने किंवा व्यसनाने गांजलेल्या घरी आपले कार्यकर्ते जातात, धीर देतात. हे सर्व काम निरपेक्ष बुद्धीने चालते, याविषयी शंका नाही.

आता मंडळाचा वार्षिक अहवाल उघडून पाहा. वर्गणी किती जमली, मंडपाला किती लागले, शिष्यवृत्त्यांवर किती खर्च झाला, हे सारे पैन् पै लिहिलेले असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने ते लिहिणे आणि हिशेब तपासनीसाकडून तपासून घेणे विश्वस्तांना बंधनकारक आहे. परंतु सल्ल्याच्या कामाविषयी बहुधा एकच ओळ असते : 'वर्षभरात अनेक कुटुंबांना मार्गदर्शन करण्यात आले.' किती कुटुंबांना? कोणत्या अडचणीत? आणि त्या मार्गदर्शनाने त्यांचे काय झाले? शंभर रुपयांचा हिशेब चुकला तर सर्वसाधारण सभेत आवाज चढतात. एका मुलीचा संसार, एका मुलाचे शिक्षण, एका शेतकऱ्याचे प्राण ज्या सल्ल्यावर अवलंबून असतात, त्याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

कारंजेकरांना तरी हिशेबाचे महत्त्व सांगावयास नको. या गावाची ओळख श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून आहे, जैन भट्टारकांचे पीठ म्हणून आहे, तशीच कापसाची पेठ म्हणूनही आहे. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने येथील कापूस बाजार नियंत्रणाखाली आला आणि देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून कारंज्याची नोंद झाली. पुढे १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील बाजारांसाठी रीतसर व्यवस्था बांधली गेली. या व्यवस्थेमागील विचार सोपा होता. शेतकऱ्याने गाडीभर कापूस आणावा, अडत्याने तोंडी भाव सांगावा, मापाऱ्याने आपल्याच काट्यावर तोलावे, आणि शेवटी हाती काय पडले व का पडले हे शेतकऱ्याला कळूच नये, ही स्थिती पालटावयाची होती. म्हणून परवाने आले, तपासलेली वजने आली, हिशेबपट्टी आली. प्रामाणिक अडत्याचे यात काही बिघडले नाही, उलट त्याची पत वाढली. कापसाला लावलेला हा न्याय आपण सल्ल्याला लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सल्ला देणे हा आज केवळ वडीलधाऱ्यांचा प्रांत राहिलेला नाही, तो एक व्यवसाय झाला आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयात समुपदेशक नेमण्याची तरतूद केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक उपचार घेणाऱ्यास गुप्ततेचा हक्क दिला. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेशी संलग्न अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला, आणि त्याच्या यादीत समुपदेशकांच्या काही वर्गांचाही समावेश झाला. म्हणजे कायद्यानेही आता मान्य केले आहे की, दुसऱ्याच्या मनाला हात घालणाऱ्या माणसावर काही उत्तरदायित्व असते. मग तो पगारी असो वा आपल्यासारखा हौशी असो, 'मी चांगल्या हेतूने सांगितले' एवढ्याने ते उत्तरदायित्व फिटते काय?

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक हकीकत अमेरिकेतील आहे. बोस्टन शहराजवळ केंब्रिज आणि सॉमरव्हिल ही दोन गावे आहेत. तेथे डॉ. रिचर्ड कॅबट या सद्गृहस्थांच्या प्रेरणेने १९३९ मध्ये मुलांसाठी एक मोठा उपक्रम सुरू झाला. वाईट मार्गाला लागण्याचा संभव असलेली मुले आणि साधी सरळ मुले, अशी दोन्ही प्रकारची ५०६ मुले निवडण्यात आली. वय, घरची स्थिती, स्वभाव यांत मिळत्याजुळत्या मुलांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत नाणे उडवून एका मुलाला समुपदेशक दिला व दुसऱ्याला दिला नाही. समुपदेशक मुलाच्या घरी सरासरीने महिन्यातून दोनदा जात. अभ्यासात मदत करीत, दवाखान्यात नेत, उन्हाळी शिबिरांना पाठवीत. हे काम सरासरी पाच वर्षे चालले व १९४५ मध्ये संपले.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या मुलांचा, म्हणजे आता प्रौढ झालेल्या माणसांचा, शोध घेतला. ज्यांना समुपदेशन मिळाले होते त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोकांनी सांगितले की, त्या कार्यक्रमाचा आम्हांला उपयोग झाला. कित्येकांनी आपल्या समुपदेशकाची प्रेमाने आठवण काढली. परंतु न्यायालयांची, रुग्णालयांची व मृत्यूची नोंद जुळवून पाहता निराळेच चित्र दिसले. गुन्ह्यांच्या बाबतीत ही मुले आपल्या जोडीदारांपेक्षा सरस ठरली नव्हती. इतकेच नव्हे, तर दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा काही बाबतींत त्यांची स्थिती जोडीदारांपेक्षा वाईट होती. हा निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही हकीकत मी सल्ला देऊ नये असे सुचविण्यासाठी सांगितलेली नाही. तिच्यात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, चांगला हेतू आणि चांगला परिणाम यांची गाठ आपोआप पडत नाही. दुसरी, सल्ला घेणाऱ्याची कृतज्ञता हा परिणामाचा पुरावा नव्हे. घरी येऊन आस्थेने विचारपूस करणाऱ्याला कोणीही 'फार बरे वाटले' असेच म्हणेल. तिसरी सर्वांत महत्त्वाची. त्या लोकांनी दुसऱ्या मुलांचीही नोंद ठेवली होती, म्हणूनच खरे काय ते कळले. ती नोंद नसती तर दोनतृतीयांश समाधानी माणसांच्या साक्षीवर तो उपक्रम यशस्वी म्हणून गौरविला गेला असता.

समुपदेशन निरुपयोगी आहे, असा कोणाचा समज होऊ नये म्हणून आता आपल्या जवळचे, गोव्याचे उदाहरण घेऊ. तेथे 'संगाथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले. बऱ्याच तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारासह सहा ते आठ भेटींचे समुपदेशन दिले आणि काहींना केवळ नेहमीचा उपचार, थोडा सुधारून, दिला. कोणाला काय मिळावे हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवावर सोडले. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा ३९.

या दोन आकड्यांकडे शिक्षकाच्या नजरेने पाहा. दुसरा गट नसता, तर समुपदेशकाने सहज म्हटले असते की, माझ्यामुळे शंभरांतील ६४ बरे झाले. वस्तुतः ३९ जण त्याच्यावाचूनही बरे होणार होते. काळाने, औषधाने, घरच्या मायेने किंवा आपोआप. समुपदेशनाची खरी कमाई ६४ वजा ३९, म्हणजे २५ एवढी. ती काही थोडीथोडकी नव्हे. शंभरांतील २५ माणसे अंधारातून उजेडात आली. मात्र ती २५ आहेत, ६४ नाहीत, हे ठाऊक असणे यालाच हिशेब म्हणतात. त्याच मंडळींनी अतिरेकी मद्यपान करणाऱ्या पुरुषांवरही असाच प्रयोग केला. तेथे तीन महिन्यांनंतर सुधारलेल्यांचे प्रमाण ३६ विरुद्ध २६ असे आले. जे पीत राहिले त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात फरक पडलेला दिसला नाही, हेही त्यांनी न लपविता छापले. ज्या कार्यकर्त्याला असे लिहिण्याचे धैर्य आहे, त्याच्या यशाच्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन.

या प्रयोगातील आणखी एक पद्धत मला फार आवडली. समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित केल्या जात. मग समुपदेशक एकत्र बसून त्या ऐकत आणि ठरलेल्या कसोट्यांवर एकमेकांना गुण देत. कोण फार बोलला, कोणी ऐकून न घेताच उपदेश केला, कोठे महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा राहिला, हे सर्वांसमोर येई. आपल्या ज्ञातीतील समेटाच्या बैठकी आठवून पाहा. तेथे सासरचे बोलतात, माहेरचे बोलतात, पंच बोलतात. जिच्या संसाराचा प्रश्न असतो ती मुलगी किती वेळ बोलते, याची नोंद आपण कधी केली आहे काय?

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू, कारण येथे प्रश्न प्राणांचा आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गाजलेल्या या प्रदेशात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातील कार्यकर्ते लोकांना नैराश्य म्हणजे काय ते समजावीत, समुपदेशक भेट घेत, आणि गरज पडल्यास दवाखान्यातील डॉक्टरकडे व मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवीत. काम सुरू करण्यापूर्वी, २०१३-१४ च्या हिवाळ्यात, त्यांनी गावांची पाहणी केली. नैराश्याने ग्रासलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जणांनी कोणाकडे तरी उपचार मागितला होता. कार्यक्रम सुरू झाल्यावर दीड वर्षाने, २०१५ मध्ये, पुन्हा पाहणी केली, तेव्हा हे प्रमाण २७ वर गेले होते. शिवाय स्त्री-पुरुष, शिक्षित-अशिक्षित, गरीब-सधन, या जातीचे-त्या जातीचे असा भेद त्या वाढीत आढळला नाही.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलताना या शेवटच्या वाक्यावर मी मुद्दाम जोर देतो. दुःखाला जात नसते, हे आपण भाषणांत नेहमी म्हणतो. मदतही सर्व जातींपर्यंत सारखी पोहोचते की नाही, हे मात्र मोजूनच पाहावे लागते. आपल्या मंडळातही गावातल्या ओळखीच्या घरांना सल्ला मिळतो आणि वाडीवस्तीवरील, मोलमजुरी करणाऱ्या घरांना मिळत नाही, असे तर होत नाही ना? हे नोंदवहीवाचून सांगता येणार नाही.

'विश्राम'चे यश मोठे आहे, तरी चारांचे सत्तावीस झाले म्हणजे उरलेले ७३ अद्याप एकटेच होते, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यासाठीही शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. अमरावती विभागाचे पाच जिल्हे, वर्धा आणि मराठवाड्याचे आठ, अशा चौदा जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मानसिक ताणाची चौकशी करावी आणि गरजूंना समुपदेशन व उपचार मिळावेत, ही त्याची योजना. अशा कोणत्याही योजनेचा अहवाल हाती आला की दोन रकाने वेगळे करून वाचावेत. एका रकान्यात झालेले काम असते : किती घरे पाहिली, किती भेटी घेतल्या, किती फोन आले. दुसऱ्या रकान्यात त्या कामाचे फळ असावे लागते : ज्यांची भेट घेतली त्यांतील किती जण सहा महिन्यांनी सावरले, किती तसेच राहिले, किती हातचे गेले. शाळेत गुरुजींच्या दैनंदिनीवरून किती शिकविले ते कळते. मुले किती शिकली हे पाहण्यासाठी मुलांची पाटीच पाहावी लागते.

यावर दोन आक्षेप येतील, तेही प्रामाणिकपणे पाहू. पहिला आक्षेप असा की, सल्ला हा मायेचा व्यवहार आहे, मायेला माप लावू नये. माझे उत्तर असे की, आई मायेनेच तापलेल्या लेकराच्या कपाळाला पुनःपुन्हा हात लावून पाहते. ताप उतरला की नाही हे पाहणे हा मायेचाच भाग आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आकड्यांचा हव्यास जडला की माणसे आकडेच सजवू लागतात. शंभर टक्के निकालाच्या नादात कच्च्या मुलाला परीक्षेचा अर्जच भरू द्यावयाचा नाही, असा प्रकार शिक्षणक्षेत्रात घडलेला आहे. तसेच समुपदेशकही सोपी प्रकरणे घेईल आणि अवघड टाळील. म्हणूनच कोणाला परत पाठविले आणि का पाठविले, याचीही नोंद हवी, आणि अपयश लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला सभेने दोष देता कामा नये. दोष लपविणाऱ्याला द्यावा.

आता कृतीकडे येतो. मंडळाने पुढील वर्षापासून पाच गोष्टी कराव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिली : सल्ल्याची एक नोंदवही ठेवावी. तीत नाव नसावे, केवळ क्रमांक असावा. नावांची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात राहावी. ज्ञाती लहान असते. सकाळी सांगितलेले संध्याकाळी चावडीवर पोहोचते. ज्या घरी ही भीती आहे त्या घरची लेक मंडळाकडे कधीच येणार नाही.

दुसरी : सल्ला देतानाच ठरवावे की तीन महिन्यांनी आणि एका वर्षाने पुन्हा विचारपूस करावयाची, आणि नेमके काय विचारावयाचे. मुलगा निवडलेल्या शाखेत टिकला काय? घरातील मारहाण थांबली काय? दारू सुटली काय? 'बरे आहे ना?' या प्रश्नाला 'बरे आहे' हेच उत्तर येते. समेट झालेल्या प्रकरणात ही विचारपूस मुलीशी एकटीशी, स्त्री कार्यकर्तीनेच करावी. मुलगी सासरी नांदते आहे एवढ्यावरून समेट यशस्वी झाला असे लिहू नये. ती सुखात आणि सुरक्षित आहे की नाही, हे लिहावे.

तिसरी : ज्याने सल्ला दिला त्याने परिणाम मोजू नये. मापारी आणि विकणारा एकच असू नये, हा आपल्या बाजाराचा जुना धडा आहे. हिशेब तपासनिसाप्रमाणे दोन तटस्थ व्यक्ती, त्यांत एक तरी स्त्री, सभेने या कामासाठी निवडाव्यात.

चौथी : सल्ल्याने हानी झाली असे ज्याला वाटते, त्याला तक्रार करण्यास जागा असावी, आणि ती तक्रार सल्ला देणाऱ्याखेरीज इतरांनी ऐकावी.

पाचवी : आपल्या मर्यादा लिहून ठेवाव्यात. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर ती धमकी वा नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये, त्याच्या हाताशी फवारणीचे औषध राहू देऊ नये, आणि त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही शासनाची दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस व विनामूल्य मिळते. हा क्रमांक प्रत्येक घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस अतीव ताणाखाली होता असे गृहीत धरावे व त्याला शिक्षा करू नये, असे २०१७ चा कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी घरात दडपून ठेवू नये.

या पाच गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. एक वही, एक कुलूप आणि पुन्हा त्याच दारी जाण्याची तयारी, एवढे पुरेसे आहे. पहिल्या वर्षीचे आकडे कदाचित आपल्याला शोभणारे निघणार नाहीत. दहा घरांना सल्ला दिला आणि तिघांनाच उपयोग झाला, असे दिसले तर वाईट वाटून घेऊ नये. उरलेल्या सातांसाठी निराळे काय करावे, हा विचार तेथूनच सुरू होईल. आज ती सात घरे 'अनेक कुटुंबांना मार्गदर्शन करण्यात आले' या ओळीखाली झाकलेली आहेत.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जमाखर्चाच्या पानाशेजारी सल्ल्याच्या हिशेबाचे एक पान छापले जावे, एवढी विनंती मी कार्यकारी मंडळाला करतो.